पांढऱ्या ओट्यावरची घागर

माणसानं मोठ्यांच्या पाया एकदा पडावं. शैलजाताई माझ्या दोनदा पडल्या. एकदा लिफ्टच्या दारात, माझ्या पायांत चपला असताना, आणि परत एकदा घरात गेल्यावर, जसं काही पहिलं पडणं वायाच गेलं होतं. वर "या ना आई, बसा ना आई" असं लावलेलं. मी हिची आई कधी झाले? अजून सुपारी फुटायची होती. मुलीकडचे आम्ही. वाकायचं आम्ही आणि तोरा त्यांनी दाखवायचा, अशी रीत. ती रीत चांगली आहे असं मी म्हणत नाही. पण मुलाची आई उलटी आपल्याच पाया दोनदा पडायला लागली की आपण आपली पिशवी जवळ धरावी.

मी धरली.

"आई, चेहरा जरा नीट ठेव," माझा मुलगा वसंत कानाशी पुटपुटला.

"आहे तो हाच आहे. दुसरा कुठून आणू?"

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आम्ही कराडचे. बाजारात आमचं भांड्यांचं दुकान, माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. आमच्या घरात माझ्या होकाराशिवाय सोयरीक होत नाही, हे अख्ख्या पेठेला माहीत होतं. केतकी ही वसंताची एकुलती एक. तिची आई फार लवकर गेली, पोर माझ्याच हाताखाली वाढली. शिकली, कोल्हापूरला शाळेत चित्रकला शिकवायला लागली, आणि तिथंच तिला हा मंदार भेटला. स्थळ तिनं स्वतःच आणलं. मुलगा आमच्यातलाच, नोकरी चांगली, सुपारीचंही व्यसन नाही. आईवडील जन्मभर बडोद्याला, वडील रिटायर झाल्यावर कोल्हापुरात नवा फ्लॅट घेऊन आलेले. नाव ठेवायला जागा नव्हती, आणि माझी झोप त्यानंच उडाली होती. बडोद्यात आपलं कोण? विचारायचं कोणाला?

"चौकशी केली आहे," वसंत म्हणायचा.

"कोणाकडं?" म्हटलं की वर पंख्याकडं बघायचा.

केतकी मात्र सरळ बोलली होती. निघायच्या आदल्या दिवशी माझ्या डोक्याला तेल लावता लावता म्हणाली, "आजी, मला करायचा तर हाच करायचा आहे. पण तू नाही म्हणालीस तर नाही करणार."

"आणि मग?"

"मग काही नाही. शाळा आहे की माझी."

तेव्हा मी काय बघायला चालले होते ते तुमच्या ध्यानात यावं. नुसतं घर बघायचं नव्हतं. पोरीनं अख्खा जन्म माझ्या एका शब्दावर आणून ठेवला होता.

तर शैलजाताईंनी आम्हाला बाहेरच्या खोलीत टेकूसुद्धा दिलं नाही. माझा हात धरून म्हणाल्या, "आई, आधी स्वयंपाकघर बघा. केतकी म्हणाली, तुम्ही घराची पारख स्वयंपाकघरावरून करता."

मी केतकीकडं बघितलं. ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होती.

स्वयंपाकघर पांढरं होतं. ओटा पांढरा, फरशी पांढरी, भिंतीवरची कपाटं पांढरी. कपाटांना कडी नाही, मूठ नाही, कुठं दाबलं की उघडतं ते घरच्यांनाच ठाऊक. असल्या ओट्याला हळदीचं बोट लागलं तर बाईनं स्वयंपाक करायचा की डाग पुसत बसायचं? हा तर दवाखाना, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण बोलता येईना. कारण त्या पांढऱ्यावर कोणीतरी हातानं माया पसरून ठेवली होती.

ओट्याच्या वर सागवानी फळी. फळीवर पितळी भांडी ओळीनं मांडलेली, घागर, कळशी, तपेली, उतरत्या मापाचे डबे, आणि मागं भिंतीला टेकवलेली ही मोठी परात. खिडकीत गवती चहाची कुंडी. खिळ्याला लाल मिरच्यांची माळ. ओट्याच्या कोपऱ्यात दगडी खलबत्ता. खाली जाजम, जाजमावर पाट. तव्यावर पुरणाची पोळी, तिचा वास सगळ्या घरात. आणि बाहेर रखरखीत ऊन असताना आत पिवळे दिवे लावलेले.

"भर दुपारी दिवे?" मी म्हणाले.

"पांढऱ्यावर पांढरा उजेड फार कोरडा वाटतो ना, आई. पिवळ्यानं कसं ऊबदार वाटतं. माणसाला आत यावंसं वाटतं."

"माणसाला पोळीच्या वासानं यावंसं वाटतं. दिव्यानं किडे येतात."

वसंत खोकला. शैलजाताई मात्र हसल्या, अगदी मनापासून हसल्यासारख्या. राग कसा येत नाही या बाईला? मला तर माझंच बोलणं झोंबलं असतं.

मी हिंडून बघायला लागले. मिरच्यांच्या माळेखाली एक बी पडलेलं नव्हतं. आमच्याकडं माळेला नुसता वारा लागला तरी खाली बिया झाडाव्या लागतात. लाकडी डाव होते, त्यांना आमटीचा डाग नव्हता. खलबत्त्यात मी नाक घातलं. लसणाचा वास नाही, जिऱ्याचा नाही. दुकानाचा वास आला.

"हे सगळं कधी जमवलंत?"

"असं एकदम नाही हो, हळूहळू. संसार म्हटला की साठत जातं."

बाहेरून दिनकरराव, म्हणजे मुलाचे वडील, मोठ्यानं म्हणाले, "अगं, गेल्या आठवड्यात नाही का सुतार आला होता फळी ठोकायला? काय तो आवाज!"

"अहो, तुम्ही वसंतरावांना गच्ची दाखवा ना," शैलजाताई म्हणाल्या. आवाज गोडच, पण शेवटचा 'ना' जरा करकचून बांधलेला.

आम्ही दोघीच उरलो. मी पाटावर बसणं शक्य नव्हतं, माझे गुडघे पाटाचं ऐकत नाहीत. त्यांनी खुर्ची आणून दिली. खुर्ची नेमकी फळीसमोर आली, म्हणून पुढचं सगळं झालं. नाहीतर मी पोळी खाऊन, खण-नारळ घेऊन गेले असते.

पितळ दिसलं की माझे हात शिवशिवतात. माझी शाळा दुसरीत सुटली. त्यानंतर जे काही शिकले ते भांड्यांच्यात.

"छान उजळलीत भांडी. चिंचेनं का?"

"हो तर! घरीच, चिंचेनं."

चिंचेनं घासलेल्या पितळेला जरा तांबूस झाक येते. हे आरशासारखं पांढरं चमकत होतं, मशीनवर धरून फिरवलेलं.

"कोणाची म्हणायची?"

"सासूबाईंची," त्या म्हणाल्या. मग पोळी उलटली आणि आणखी थोडं वाढलं, "त्यांच्याही सासूबाईंची असतील काही. पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत."

आता बघा. पिढ्यांची भांडी म्हणजे घरातल्या माणसांसारखी. एक म्हातारं, एक पोक आलेलं, एक कोणाच्या तरी बारशाला आलेलं, एक कोणी विसरून गेलेलं. एकाचा काठ जाड, दुसऱ्याचं बूड झिजलेलं. ही भांडी सगळी एका वयाची होती. एका दुकानातून, एका दिवशी, एका पोत्यात बांधून निघालेली. असा संच बाई आयुष्यात एकदाच घेते, तोही स्वतः नाही. तिचे आईवडील घेतात, रुखवतात मांडायला.

मी उठून कळशी उचलली.

"आई, जड आहे, राहू दे!" त्या उलथन्यासकट धावल्या.

"जन्मभर हेच उचललंय."

कळशीच्या गळ्याखाली, जिथं फुगीर भाग सुरू होतो तिथं, मी अंगठा फिरवला. अंगठा एका जागी किंचित आत गेला. डोळ्याला दिसणार नाही, इतकाच. मी डबा घेतला. झाकणाच्या खाली तसाच चपटा पट्टा. परात खाली काढली, काठाला तसंच.

ही जागा मला डोळे मिटून सापडते. आमचे हे दुकानात बसून भांड्यांवर नावं घालायचे, छिन्नी आणि छोटी हातोडी घेऊन, ठिपक्या ठिपक्यांची. भांडं मी मांडीत घट्ट धरायचे. "हलू देऊ नको, पार्वती," म्हणायचे, "अक्षर मोडलं तर बाईचं नाव मोडतं." वाचायला मी तिथंच शिकले, तेही उलट्या बाजूनं. लग्नसराईत दिवसभर नावं, सुमन, कमल, रत्नमाला, अमुक हिस आईवडिलांकडून. पार्वती हे माझं सासरचं नाव. माहेरी मी हौसा. सासरी आल्यावर तांदळात बोटानं नवं नाव लिहिलं आणि हौसा संपली. पण माहेराहून आणलेल्या माझ्या घागरीवर अजून हौसा आहे. आता मला त्या नावानं ओळखणारी ती एक घागरच उरली आहे.

असो. सांगायचं ते हे, की समोरच्या फळीवरच्या भांड्यांवरचं नाव कोणीतरी कानशीनं घासून काढलं होतं, आणि वरून पालिश मारलं होतं. एखाद्याच भांड्यावरचं गेलं असतं तर म्हटलं असतं, झिजलं असेल. सगळ्यांवरचं, एकाच जागी? नाव खरवडलेलं भांडं आमच्या दुकानात कधीमधी मोडीला यायचं. आणणारा माणूस डोळ्याला डोळा द्यायचा नाही. आमचे हे पाणी विचारायचे आणि बोलत बोलत शेजाऱ्याला पोलिसांकडं धाडायचे.

चोरीची भांडी! माझी नात चोरांच्या घरात चालली होती, आणि चोर माझ्या दोनदा पाया पडले होते.

मी परात जागेवर ठेवली आणि म्हणाले, "हाक मारा सगळ्यांना. पोळ्या गरम आहेत तोवर खाऊ या. इथंच, स्वयंपाकघरात. एवढं ऊबदार केलंय तुम्ही."

शैलजाताई खुलल्या. पानं घेतली. वसंत आणि दिनकरराव गच्चीवरून आले, केतकी आणि मंदार आतल्या खोलीतून. मंदार उंच, जरा वाकून चालणारा, बोलायच्या आधी घसा साफ करणारा पोरगा. मला तो बरा वाटत होता आणि त्याचाच मला राग येत होता. दिनकररावांनी पोळीवर तुपाची धार धरली, पहिला घास घेतला, डोळे मिटले. मी तेवढ्यासाठीच थांबले होते. माणूस पुरणपोळीच्या पहिल्या घासाला खोटं बोलत नाही.

"दिनकरराव, तुमच्या मातोश्रींची भांडी फार जपलीत हो."

"आईची?" ते घास गिळत म्हणाले. "छे हो! आईची सगळी धाकट्याकडं, इस्लामपूरला. आम्ही बडोद्याला निघालो तेव्हा म्हातारीनं एक वाटी दिली नाही हाताला!" आणि मोठ्यानं हसले. हसता हसता त्यांचं लक्ष बायकोच्या चेहऱ्याकडं गेलं, आणि हसू तिथंच राहिलं, उघड्या तोंडात.

तव्यावरच्या पोळीचा वास बदलला.

"पोळी करपतेय," मी म्हणाले. "वसंता, माझी पिशवी घे. जिथं भांड्यांची आई खोटी सांगतात तिथं पोरगी द्यायची नाही."

"आई, जरा बस तर..."

"उठ म्हणते ना!"

"आजी, थांब." केतकी उठून माझ्यासमोर आली. चेहरा उतरला होता, पण डोळे माझ्यावर. "भांड्यांचं मला ठाऊक नाही. पण तुला एक सांगायचं राहिलंय. मंदारचं आधी एक लग्न झालं होतं. बडोद्याला. ते मोडलं. कोर्टात रीतसर मोडलंय."

मी परत खुर्चीत बसले.

"तुला कधी कळलं?"

"ओळख झाली तेव्हाच. त्यानं आधी तेच सांगितलं, मग बाकीचं."

"वसंता, तुला?"

स्वयंपाकघरात पंखा नव्हता. बिचारा तव्याकडं बघत राहिला.

म्हणजे आमटी सगळ्यांनी आधीच चाखली होती, आणि मला फक्त ताट वाढलं होतं. मी संशय घेतला तो दारातल्या बाईवर, कळशीवर, मिरच्यांच्या माळेवर. शेजारी बसून कराडहून आलेल्या दोघांवर घ्यायचा राहिला.

"मला का नाही सांगितलंत?"

"शेजारच्या विमलला बिजवराचं स्थळ आलं होतं, तेव्हा तू काय म्हणालीस?" केतकी म्हणाली. "तडा गेलेल्या भांड्याला कितीही झाळ दिली तरी ते नवं होत नाही, म्हणालीस. सगळ्या आळीला ऐकू गेलं होतं."

"मी भांड्याबद्दल म्हणाले होते."

"नाही आजी."

मी तिच्याकडं बघितलं नाही. मी मंदारकडं बघितलं. "तू बोल. का मोडलं?"

त्यानं घसा साफ केला. "आमचं जमलं नाही, आजी. तिला नोकरी करायची होती, ती घरात पटत नव्हती. रोज काहीतरी व्हायचं. मी मध्ये पडायला हवं होतं, पडलो नाही. तिचा दोष नव्हता त्यात. निम्मा माझा होता."

"आणि उरलेला निम्मा?"

शैलजाताईंनी गॅसचं बटण फिरवलं, आणि गॅस बंद झाल्यावरही त्या ते फिरवत राहिल्या.

सोडलेल्या बायकोचं वाईट न बोलणारे पुरुष मी फार बघितलेले नाहीत. ते मी मनात बाजूला ठेवलं. मुद्दा तो नव्हता.

"लग्नाचं कळलं," मी म्हणाले. "आता भांड्यांचं सांगा. ही कोणाची?"

मंदारनं फळीकडं मान वळवली. आठवडाभर ती फळी त्याच्या डोळ्यांसमोर होती, त्याच ओट्यावर तो रोज चहा पीत होता. पण पुरुषाला भांडं दिसत नाही, त्यात वाढलेलं दिसतं. तो उठला, परात हातात घेतली, उलटी केली. बुडाला एका बाजूला पोचा होता. त्यानं त्या पोच्यावर बोट ठेवलं.

"हा पोचा माझ्या हातून पडलाय," तो हळू म्हणाला. "पहिल्या दिवाळीला. आई, ही स्नेहलची भांडी आहेत."

शैलजाताईंनी करपलेली पोळी तव्यावरून खाली काढली.

"तू तर म्हणालीस टेम्पो केला. सगळं तिच्या घरी पोचलं म्हणालीस."

"पोचलं रे! दागिने दिले, कपडे दिले, कपाट दिलं." त्या ओट्याला टेकल्या. "भांडी माळ्यावर होती, ती राहिली. मग तिचे वडील वारले. त्या घरात कोणत्या तोंडानं पाठवायची, एक घागर आणि दहा डबे घेऊन? आज पाठवू, उद्या पाठवू करता करता राहून गेलं. इकडं येताना सामानाबरोबर ट्रकमध्ये आली. देवाशपथ सांगते, मी त्यांत एक दिवस पाणी भरलं नाही."

"मग फळीवर कशी चढली?" मी विचारलं.

"तुमच्यामुळं!" पहिल्यांदा त्यांच्या आवाजातला गूळ सुटला, आणि पहिल्यांदा मला ती बाई समोर उभी असल्यासारखी वाटली. "केतकी म्हणाली, आजीला पांढरं स्वयंपाकघर बघवणार नाही, दवाखाना म्हणेल. माझं एक पोरगं लग्न मोडून चार वर्षं घरात मुक्यासारखं वावरलं. आता कुठं हसायला लागलंय. तुम्ही दारातून परत गेलात तर? मी दिवे बदलले, सुतार बोलावला, मिरच्या आणल्या. बाजारात पितळ बघितलं, ते नवं ते नवंच दिसतं. घर दिसत नाही त्यानं, दुकान दिसतं. मग ही आठवली. मला फक्त घर घरासारखं दिसायला हवं होतं. तुम्ही नसतं केलं?"

नातीसाठी मी काय काय केलं असतं ते माझं मला ठाऊक.

"नाव का खरवडलंत?"

"तुम्हाला दिसू नये म्हणून."

"आणि हिला?" मी केतकीकडं बोट केलं. "माझी नजर आज आहे, उद्या नाही. ही मात्र रोज त्या घागरीत पाणी भरणार होती. तिला न सांगता, दुसरीच्या घागरीत."

शैलजाताईंनी पदर तोंडाला लावला. केतकी मंदारपासून एक पाऊल बाजूला सरकली होती. सरकली म्हणजे रागानं नव्हे, कोणीतरी तिसरं माणूस आत येतंय आणि त्याला जागा करून द्यावी, तशी. ती फळीकडं बघत होती.

"हे मला माहीत नव्हतं, आजी," ती म्हणाली.

"ते दिसतंय मला."

"आता तू काय म्हणशील ते."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. दिनकररावांच्या पानात पोळीवरचं तूप थिजलं होतं. वसंत माझी पिशवी छातीशी धरून उभा होता, उचलायची की ठेवायची ते न कळून. मंदारनं परात हातातून खाली ठेवली नव्हती.

मी उठले. फळीपाशी गेले आणि घागरीच्या गळ्याखाली परत एकदा अंगठा फिरवला. काही लागलं नाही. एक अक्षरसुद्धा शिल्लक नव्हतं.

"शैलजाताई," मी म्हणाले, "आल्यापासून मला आई म्हणताय, तर आता आईचं ऐकून घ्या. तुमच्या पोराचं लग्न मोडलं, त्याला माझी ना नाही. तुमचं घर पांढरं आहे, त्यालाही ना नाही. माझी नात आली तर दोन दिवसांत ओट्यावर हळद सांडून ठेवील, तुम्हाला दिवे लावावे लागणार नाहीत. पण बाईचं नाव सातबाऱ्यावर नसतं, दारावरच्या पाटीवर नसतं. लग्नात कित्येकींचं असलेलंही काढून घेतात. एका भांड्यावर तेवढं ते राहतं. तिचा संसार इथं टिकला नाही, ते तिचं आणि तुमच्या पोराचं. तिचं नाव पुसायचा हक्क तुम्हाला कोणी दिला?"

त्यांनी पदर सोडला, कोपऱ्यातलं स्टूल ओढून फळीखाली आणलं, वर चढल्या, आणि घागर दोन्ही हातांनी खाली उतरवून माझ्यासमोर ओट्यावर ठेवली. स्टूल डगमगत होतं. केतकीनं ते धरलं.

"ही सगळी कराडला माझ्याकडं पाठवा," मी म्हणाले. "नाव परत घालू. छिन्नी वसंता चालवील, भांडं मी धरीन. मग तुम्ही स्वतः बडोद्याला जा, टेम्पोवाल्याला धाडू नका. तिच्या आईच्या दारात उभ्या राहा आणि तिथं पाया पडा. एकदाच पडा, पण पडा. ते झालं की माझ्या दारात मागणी घालायला या, मी पाट मांडून वाट बघते. आणि ऐका, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. घागरीत मूठभर गूळ टाकून न्या."